गाडी कोणत्या सालची?

जुनी जीप दिसली की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला असतो. कोणत्या सालची? आणि उत्तरही ठरलेलं. "सेकंड वर्ल्ड वॉरची हाय भाऊ, मिल्ट्री डिस्पोजल!" आमच्या यवतमाळ जिल्ह्यात हे उत्तर मी इतक्या वेळा ऐकलंय, की या सगळ्या जीपा खऱ्या मानल्या तर हिटलरविरुद्धची निम्मी लढाई वणी आणि पुसदच्या मधे कुठेतरी झाली असावी :)

थट्टा बाजूला. मला आज एवढंच म्हणायचंय, की सैन्यातून आलेल्या जुन्या गाडीला एक साल नसतं, तीन असतात. कारखान्यातून बाहेर पडल्याचं, सैन्यात दाखल झाल्याचं आणि आरटीओत नोंदल्याचं. ही तिन्ही सालं वेगवेगळ्या नंबरांमागे, वेगवेगळ्या जागी असतात. आपण त्यातलं सोयीचं एक उचलतो आणि बाकीची दोन ग्राइंडरने नाहीतर रंगाने पुसून टाकतो. यात नुकसान होतं ते बहुतेक वेळा ज्याच्या गोठ्यात ती गाडी चाळीस वर्षं उभी आहे, त्याचं.

आधी थोडं प्राथमिक. तुमच्या बाइकचा किंवा कारचा चेसिस नंबर बघा (गॅरेजवाले त्याला 'चेचीस' म्हणतात, पण कळतं सगळ्यांना). सतरा अक्षरं आणि आकडे असतात. सुरुवातीची तीन कंपनी सांगतात. 'एमए१' असेल तर महिंद्र, 'एमएटी' म्हणजे टाटा, 'एमडी२' म्हणजे बजाज. बहुतेक गाड्यांत दहावं अक्षर उत्पादनाचं साल सांगतं. 'ए' म्हणजे २०१०, 'एल' म्हणजे २०२०, 'आर' म्हणजे २०२४. आय, ओ, क्यू, यू आणि झेड ही अक्षरं या जागेवर वापरत नाहीत. दर तीस वर्षांनी चक्र पुन्हा सुरू होतं, त्यामुळे 'ए' म्हणजे १९८०ही असू शकतं. म्हणजे नंबरातच सालाचं फील्ड आहे. आपल्यासारख्या डेटाबेसवाल्यांना बरं वाटावं अशी रचना.

महायुद्धातल्या जीपच्या नंबरात असं काहीच नाही. तो नुसता चढता अनुक्रम आहे. विलीस कंपनीची 'एमबी' आणि फोर्डने त्याच नकाशावरून बनवलेली 'जीपीडब्ल्यू', अशा दोन सख्ख्या बहिणी. १९४१ ते १९४५ या काळात दोन्ही मिळून सहा लाखांहून जास्त बनल्या. तुमच्याकडे एक आकडा आहे, पण कोणत्या महिन्यात कारखाना कोणत्या आकड्यापर्यंत पोचला होता याची यादी जवळ नसेल, तर त्या आकड्याला अर्थ नाही. की आहे, टेबल नाही. सुदैवाने जगभरच्या हौशी लोकांनी एकेका जीपचा नंबर आणि तिच्या पाटीवरची तारीख जुळवत या याद्या बऱ्यापैकी उभ्या केल्या आहेत.

पण नंबर वाचण्याआधी गाडी वाचावी लागते. आपल्याकडे 'लो बॉनेट' आणि 'हाय बॉनेट' हे शब्द जीपवाल्यांना माहीत असतात. युद्धातली जीप लो बॉनेट. हाय बॉनेट ही विलीसची नंतरची सीजे-३बी, १९५३ची. तिचं हरिकेन इंजिन उंच होतं म्हणून बॉनेट वर उचलावं लागलं. अमेरिकेत ती १९६८ साली बंद झाली, पण आपल्याकडे महिंद्रने त्यानंतरही अनेक वर्षं बनवली. महिंद्रच्या जीपचा इतिहास १९४९ साली मुंबईत माझगावला जोडलेल्या गाड्यांपासून सुरू होतो, म्हणजे युद्ध संपल्यावर चार वर्षांनी. या महिंद्र जीपा आपल्या सैन्यात भरपूर वापरल्या गेल्या आणि लिलावात भरपूर विकल्याही गेल्या. त्यामुळे 'मिल्ट्री डिस्पोजल' हे शंभर टक्के खरं असू शकतं आणि 'वर्ल्ड वॉर' शंभर टक्के खोटं. पुढच्या जाळीच्या उभ्या फटी मोजणं हा सगळ्यात सोपा उपाय. युद्धातल्या पत्र्याच्या जाळीला नऊ फटी, सीजेला सात. (अगदी सुरुवातीच्या विलीसला पत्र्याऐवजी जोडलेल्या पट्ट्यांची जाळी होती.) मात्र जाळी चार बोल्ट काढून बदलता येते, म्हणून एवढ्यावर थांबायचं नाही.

चेसिसच्या पुढच्या टोकाला, रेडिएटरखाली, आडवा दांडा असतो. विलीसचा तो गोल नळीचा, फोर्डचा उलट्या चॅनेलसारखा चौकोनी. हा बदलणं म्हणजे मोठं काम, सहसा कुणी करत नाही. फोर्डने तर आपल्या सुट्या भागांवर, अगदी बोल्टाच्या डोक्यावरसुद्धा 'एफ' हे अक्षर मारलं होतं. फोर्डचा चेसिस नंबर डाव्या बाजूच्या रेलच्या वरच्या अंगावर, इंजिनशेजारी, थेट लोखंडात ठोकलेला असतो. विलीसने मात्र नंबर एका छोट्या पाटीवर मारून ती पाटी रेलच्या आतल्या बाजूला रिव्हेटने बसवली. ऐंशी वर्षांत रिव्हेट गंजतात, पाटी पडते. त्यामुळे आपल्याकडच्या बऱ्याच विलीसना मूळ नंबरच उरलेला नाही आणि नोंदणीसाठी कुणीतरी नंतर काहीतरी ठोकलेलं आहे. तो ठोकणारा लबाडच होता असं नाही. कागदाला नंबर हवा होता, त्याने दिला.

आता एक गंमत. जुन्या गाड्यांच्या बाजारात 'मॅचिंग नंबर्स' या शब्दांना फार भाव आहे. चेसिस आणि इंजिनचा नंबर एकच असला की गाडी 'ओरिजिनल'. फोर्ड जीपीडब्ल्यूच्या बाबतीत हे बरोबर आहे, कारण कारखान्यात दोन्हीकडे एकच आकडा ठोकत. विलीसने तसं केलं नाही. तिथे चेसिसचा अनुक्रम वेगळा, इंजिनचा वेगळा. म्हणजे कुणी तुम्हाला अभिमानाने तंतोतंत जुळणाऱ्या नंबरांची विलीस एमबी दाखवली, तर ती जास्त संशयास्पद! ज्याने ते नंबर जुळवले त्याला कारखान्याची पद्धत माहीत नव्हती, एवढंच त्यातून सिद्ध होतं.

हा झाला पहिला नंबर. दुसरा सैन्याचा. रस्त्यात लष्करी ट्रक दिसला तर त्याची पाटी बघा. वर तोंड केलेला बाण, त्याच्याशेजारी दोन आकडे, मग एक अक्षर, मग अनुक्रम आणि शेवटी पुन्हा एक अक्षर. बाण ही इंग्रजांच्या काळापासूनची सरकारी मालकीची खूण. ते दोन आकडे म्हणजे सैन्याने गाडी ताब्यात घेतल्याचं साल. शेवटचं अक्षर गाडीचा वर्ग सांगतं. हा नंबर ठोकलेला नसतो, रंगवलेला असतो, म्हणून तोच सगळ्यात आधी मरतो. लिलावातून गाडी आली की पहिलं काम डेंटिंग-पेंटिंग. खरं तर हिरव्या रंगाच्या थरांखाली जुना बाण आणि आकडे अनेकदा शाबूत असतात. बारीक पॉलिश पेपर पाण्यात भिजवून हळूहळू घासलं तर एकेक थर वर येतो. पण पेंटरला घाई असते, तो पत्रा लख्ख करून देतो आणि गाडीचं सैन्यातलं आयुष्य पत्र्यावरून पुसलं जातं.

तिसरा नंबर आपल्याला सगळ्यांना माहीत असलेला, आमचा एमएच-२९. आणि खरा घोळ इथे आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ६० प्रमाणे सैन्याच्या गाड्यांची नोंदणी केंद्राने नेमलेलं वेगळं प्राधिकरण करतं, आरटीओ नाही. गाडी सैन्यातून बाहेर पडून नागरिकाच्या हातात आली की मग ती आरटीओत नोंदायची. समजा १९४४ची जीप १९७९ साली लिलावात निघाली, तर आरसी बुकात नोंदणीची तारीख १९७९ची. उत्पादनाच्या सालाचा रकाना असतो, पण तो लिलावाच्या कागदावरून, नाहीतर अंदाजाने भरलेला. आपल्या भाषेत सांगायचं तर डेटा नव्या सिस्टिममध्ये मायग्रेट करताना 'तयार केल्याची तारीख' म्हणून मायग्रेशनचीच तारीख पडली. हा बग आपण सगळ्यांनी कधी ना कधी पाहिलाय. फरक इतकाच, की इथे जुनी सिस्टिम एका पत्र्यावर होती आणि तो पत्रा पेंटरने घासला.

आता याने कुणाचं काय बिघडतं? घाटंजीकडे आमचे एक नातलग आहेत, सगळे त्यांना काकाजी म्हणतात. त्यांच्या गोठ्याला लागून एक जीप उभी असते. कडबा, फवारणीचे पंप, पावसाळ्यात कोंबड्या, सगळं तिच्यात. दोन वर्षांपूर्वी एक व्यापारी आला. आरसी बघितली, १९७९ साल, इंजिन डिझेल, बॉडी गंजलेली. म्हणाला, काकाजी, यात गाडी राहिलीच नाही, वजनावर देतो. मी त्या वेळी गावात होतो. केरोसीनच्या फडक्याने डावा रेल पुसला तर जीपीडब्ल्यू आणि त्यापुढे स्वच्छ आकडे. आरसीतल्या चेसिसच्या रकान्यात तेच आकडे, फक्त पुढची तीन अक्षरं कुणीतरी गाळलेली. पुढचा दांडा चॅनेलचा. याद्यांशी ताडून बघितलं तर १९४३च्या आसपासची फोर्ड. व्यापाऱ्याला हे माहीत होतं की नव्हतं, देव जाणे. पण तो रेलपाशी दोनदा वाकला होता, एवढं मी पाहिलं.

मी उत्साहात काकाजींना सांगायला गेलो की मूळ पेट्रोल इंजिन असतं तर काय बहार आली असती. ते म्हणाले, "त्या पेट्रोल इंजिनाले तेल कोण पाजलं असतं? डिझेल टाकलं म्हणून तं वाचली बे, नाहीतं कधीचीच भंगारात गेली असती."

हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही, कारण कायदा नेमका याच्या उलट बोलतो. जुलै २०२१ मध्ये केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने व्हिंटेज गाड्यांचे नियम आणले. चांगली गोष्ट आहे. ५० वर्षांवरच्या दुचाकी आणि चारचाकी, खास 'व्हीए' अक्षरांची नंबर-मालिका, नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत १० वर्षं. पण दोन अटी बघा. ५० वर्षं मोजायची ती पहिल्या विक्रीनंतरच्या पहिल्या नोंदणीपासून. आणि गाडी मूळ रूपात हवी, चेसिस, बॉडी किंवा इंजिनमध्ये मोठा बदल नको. काकाजींची १९४३ची जीप पहिल्या अटीत १९७९ची ठरू शकते आणि दुसऱ्या अटीत तर सरळ बाद होते. म्हणजे जी गाडी ऐंशी वर्षं खऱ्या अर्थाने वापरात राहिली ती व्हिंटेज नाही. मुंबई-पुण्याच्या गॅरेजात तीन गाड्यांचे भाग जोडून, परदेशातून मागवलेल्या नव्याकोऱ्या पाट्या लावून उभी केलेली जीप मात्र कागदावर चकचकीत 'ओरिजिनल'.

मूळ रूपाची अट मुळात चूक आहे असं मी म्हणत नाही. अट नसेल तर उद्या कुणीही नव्या बॉडीवर जुना नंबर ठोकेल. पण अट जितकी कडक आणि बाजारभाव जितका चढा, तितका पंच-हातोडा उचलायचा मोह मोठा. इंजिनचा नंबर जुळत नाही? घासा, नवा ठोका. साल पुढचं दिसतंय? मागचं करा. मला वाटतं आपण 'मूळ' या शब्दाचा अर्थच अरुंद करून ठेवलाय. अहिल्यानगरच्या कॅव्हलरी टँक म्युझियममध्ये पॅटन रणगाडा बघायला लोक जातात, ते काही तो अमेरिकेतल्या कारखान्यातून कोणत्या महिन्यात निघाला हे बघायला नाही. १९६५च्या युद्धात पॅटनचं काय झालं, ते आपल्याला महत्त्वाचं. मग जीपचंही तसंच का नसावं? १९४३ फोर्ड, अमुक साली भारतीय सैन्य, १९७९ लिलाव, पुढे शेतकऱ्याने डिझेल इंजिन बसवलं. हा सगळा लॉग आहे. बसवलेलं डिझेल इंजिन हा नोंदवलेला बदल, खोटा ठोकलेला नंबर म्हणजे लॉगमध्ये केलेली फेरफार. दोन्हीला एकाच मापाने मोजणं बरोबर नाही.

आणि ज्यांना वाटतं की घासलं की संपलं, त्यांच्यासाठी एक माहिती. पंच मारताना फक्त वरचा खड्डा पडत नाही, खालचं लोखंडही दाबलं जातं. वरचे आकडे घासून गेले तरी दाबलेला भाग शिल्लक राहतो. फॉरेन्सिकवाले पृष्ठभाग गुळगुळीत करून त्यावर तांब्याचा क्षार आणि हायड्रोक्लोरिक अॅसिडचं मिश्रण लावतात. दाबलेलं लोखंड आणि न दाबलेलं लोखंड यांवर त्याचा परिणाम वेगवेगळा होतो आणि जुने आकडे पुन्हा दिसू लागतात. चोरीच्या गाड्या अशाच उघडकीला येतात. फार खोल घासलं तर मात्र काही उरत नाही.

आता तुम्ही म्हणाल, बाबा रे, हौसेचा मामला आहे, कशाला एवढं डोकं लावायचं? ज्याला नऊ फटींची जाळी लावून मिरवायचंय त्याला मिरवू दे. मिरवू दे की! माझी हरकत जाळीला नाही. मिरवणाऱ्याने दिलेले लाखभर रुपये आणि काकाजींना सांगितलेला वजनाचा भाव, यांच्यात जे अंतर आहे ते फक्त एका नंबराच्या माहितीचं आहे. ज्याला वाचता येतो तो खिशात घालतो, ज्याला येत नाही तो देऊन बसतो. आमच्याकडे कापसाच्या बाबतीत हे पिढ्यान् पिढ्या चालत आलंय. निदान लोखंडाच्या बाबतीत तरी नको.

सरकारकडून मला फार काही नको. सैन्यातल्या नोंदणीची तारीख हीच पहिली नोंदणी धरायची, असं नियमात स्पष्ट लिहावं. लिलावाच्या कागदावर सैन्याचा नंबर आणि उत्पादनाचं साल ठळक असावं आणि तो नंबर आरसीवर जुना नंबर म्हणून यावा. इंजिन बदललेल्या पण चेसिस अस्सल असलेल्या गाड्यांसाठी वेगळा वर्ग असावा, 'जुनी, वापरात बदललेली' अशा सरळ नावाचा. (एक फील्ड वाढवायला किती वेळ लागतो? हो हो, माहिती आहे, टेस्टिंग, अप्रूव्हल, रिलीज... पण तरीही.)

उरलेलं काम आपलं. तुमच्यापैकी अनेकांच्या गावी, काकांच्या किंवा मामांच्या वाड्यात, अशी एखादी जीप, जोंगा नाहीतर शक्तिमान ट्रक उभा असेल. या दिवाळीत घरी गेलात की एक तास काढा. डावा रेल, इंजिन ब्लॉकची उजवी बाजू (जीपचा नंबर तिथे ऑइल फिल्टरच्या मागे असतो), पुढचा दांडा, डॅशबोर्डवरच्या पाट्या आणि आरसी, या पाच गोष्टींचे फोटो घ्या. पुसायला केरोसीन आणि फडकं पुरे, तारेचा ब्रश किंवा ग्राइंडर लावू नका. मग नंबरावर पातळ कागद धरून शिसपेन्सिल घासा, आरटीओच्या फॉर्मसाठी चेसिसचा प्रिंट काढतात तसा. फोटोत न दिसणारा आकडा कागदावर उमटतो. ती प्रत आरसीच्या प्लॅस्टिकमध्ये ठेवून द्या आणि घरातल्यांना सांगा, की ही दाखवल्याशिवाय भाव बोलायचा नाही.

आणि गाडी महिंद्रची निघाली तर तोंड पाडून बसू नका. माझगावपासून सुरू झालेल्या त्या वंशाचाही इतिहास आहे, तो युद्धाचा नसेल, आपल्या रस्त्यांचा असेल. फक्त खरं साल लिहा.